पाळणा फिरतो, पण खालची जमीन कोणाची? कोनी आयलंडचं 140 वर्षांचं गणित

2025 च्या सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात सहा जणांच्या एका समितीने मतदान केलं. प्रस्ताव होता सुमारे 3 अब्ज डॉलरच्या कॅसिनोचा, आणि जागा होती कोनी आयलंड. समुद्रकिनाऱ्याची ही पट्टी शंभराहून अधिक वर्षं पाळण्यांची, रोलर कोस्टरची आणि शिंगदाण्या-भज्यांसारख्या स्वस्त खाण्याची जागा म्हणून ओळखली जाते. 4 विरुद्ध 2 मतांनी प्रस्ताव पडला. पाळणे वाचले, निदान या वेळेपुरते.

बातमी वाचताना मला गोराईची बोट आठवली. माझ्या पिढीतल्या मुंबई-ठाण्याच्या मुलांची शाळेची सहल म्हणजे एस्सेलवर्ल्ड. 1989 मध्ये सुरू झालेलं, खाडी ओलांडून जायचं, आणि त्या बोटीतच अर्धी मजा संपायची. ते बंद झालं तेव्हा ओळखीतल्या प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला: एवढी गर्दी असायची, मग बंद कसं पडलं? प्रत्येक पार्कची कारणं आपापली असतात. पण मोठ्या शहरात मनोरंजन पार्क उभं राहण्याची आणि मोडण्याची जवळपास सगळी कारणं एकाच ठिकाणी पाहायची असतील, तर कोनी आयलंडसारखी दुसरी जागा नाही. म्हणून हा लेख तिथला.

जत्रा आणि पार्क यांत फरक काय?

जत्रेतला आकाशपाळणा आपण सगळ्यांनी पाहिलाय. देवाची यात्रा संपली की पाळणेवाला नटबोल्ट सोडतो, ट्रकवर माल चढवतो आणि पुढच्या गावाला जातो. जमीन त्याची नाही, त्याला तिची गरजही चार दिवसांचीच. पार्क मात्र एकाच जागी राहतं. त्यामुळे त्याचं नशीब त्या जमिनीशी बांधलं जातं. ही एक गोष्ट लक्षात ठेवली की पुढचं सगळं सोपं होतं.

कोनी आयलंड आधी जत्राच होती. अटलांटिकच्या कडेला, ब्रुकलिनच्या दक्षिण टोकाला असलेली ही जागा नावाला बेट. मधल्या ओढ्यात भर टाकत टाकत ती आता मुख्य जमिनीला जोडली गेलीय. एकोणिसाव्या शतकात तिथे आधी हॉटेलं आली, मग रेल्वे आली आणि रेल्वेमागून गर्दी. 1876 मध्ये चार्ल्स लूफ नावाच्या सुताराने हाताने कोरलेल्या लाकडी घोड्यांचा फिरता पाळणा लावला. 1884 मध्ये लामार्कस थॉम्पसनने ‘स्विचबॅक रेल्वे’ सुरू केली: लाकडी रुळांवरून हेलकावे खात जाणारी बाकं, वेग ताशी जेमतेम 10 किलोमीटर, तिकीट 5 सेंट. टोकाला पोचल्यावर लोक उतरायचे, माणसं गाडी ढकलून दुसऱ्या उंच फलाटावर न्यायची, आणि मग परतीचा प्रवास. आज हसू येईल इतका सौम्य प्रकार, पण लोकांनी रांगा लावल्या.

1895 मध्ये पॉल बॉयटनने एक साधी पण जगावेगळी गोष्ट केली. त्याने सी लायन पार्कभोवती कुंपण घातलं आणि आत शिरायचेच पैसे लावले. जत्रेचं पार्क झालं ते इथे. दोन वर्षांनी जॉर्ज टिल्यूने स्टीपलचेस पार्क काढलं, 1903 मध्ये लूना पार्क आलं, 1904 मध्ये ड्रीमलँड. दहा वर्षांच्या आत एका किनाऱ्यावर तीन भव्य पार्कं.

डब्याला इंजिन नसतं, मग तो धावतो कसा?

इतिहासात पुढे जाण्याआधी यंत्राकडे बघू, कारण राइड कशी चालते हे कळलं की ती टिकवायला काय लागतं तेही कळतं.

कोनी आयलंडवर आजही चालणारा ‘सायक्लोन’ हा रोलर कोस्टर 26 जून 1927 ला सुरू झाला. गंमत म्हणजे थॉम्पसनची स्विचबॅक जिथे होती त्याच जागेवर तो उभा आहे. लाकडी रूळ, खाली पोलादी सांगाडा. डब्यांना इंजिन नाही. एक साखळी त्यांना पहिल्या चढावर ओढत नेते, सुमारे 26 मीटर उंच, आणि माथ्यावर सोडून देते. पुढचं सगळं काम गुरुत्वाकर्षणाचं. सिंहगडाच्या उतारावर पॅडल न मारता सायकल सोडावी तसं.

ऊर्जेचा हिशेब घरखर्चासारखा असतो. साखळी म्हणजे 1 तारखेचा पगार: उंचीच्या रूपाने सगळी रक्कम एकदाच जमा. मग प्रत्येक वळण, चाकांचं घर्षण, अंगावर येणारा वारा थोडं थोडं काढून घेतात. म्हणून दुसरी टेकडी पहिलीपेक्षा कमी उंच, तिसरी त्याहून कमी. शेवटी खातं रिकामं होतं आणि गाडी फलाटाला लागते. सायक्लोनवर हा सगळा महिना 1 मिनिट 50 सेकंदांत संपतो.

याच हिशेबाने एक जाहिरातही तपासता येते. सायक्लोनचा वेग ताशी 60 मैल, म्हणजे 97 किलोमीटरच्या आसपास, असं सर्रास लिहिलं जातं. पण 26 मीटरवरून काहीही खाली सोडलं, आणि घर्षण अजिबात नाही असं धरलं, तरी वेग ताशी 81 किलोमीटरच्या आसपासच भरतो. खात्यात जेवढे पैसे आहेत त्याहून जास्त खर्च होऊ शकत नाही. तरीही पहिल्या उतारावर छातीत जे होतं ते खरंच असतं. लाकूड थरथरतं, डोक्याजवळून तुळया सपासप जातात, आणि 81 चे 97 वाटतात.

चढताना येणारा तो ‘कट-कट-कट’ आवाज पुष्कळांना भीतिदायक वाटतो. खरं तर तो दिलासा देणारा आवाज आहे. डब्याखाली एक खटका असतो, तो रुळांमधल्या दात्यांवरून पुढे सरकतो पण मागे येऊ शकत नाही. पाणी ओढताना हात सुटला तरी रहाट उलटा फिरू नये म्हणून खटका बसवतात, तेच तत्त्व. साखळी तुटली तरी डबा मागे घरंगळत नाही. 2024 च्या ऑगस्टमध्ये सायक्लोनच्या साखळीचं दातेरी चाक खराब झालं आणि गाडी चढावर थांबली. प्रवासी बाजूच्या पायऱ्यांवरून चालत उतरले. राइड सुमारे दोन आठवडे बंद राहिली, दुरुस्त झाली, पुन्हा सुरू झाली.

मग आपण बाहेर का फेकले जात नाही?

एसटीच्या शेवटच्या बाकावर बसून गतिरोधक भरधाव ओलांडलाय? क्षणभर बूड बाकावरून उचललं जातं, पोटात गोळा येतो. गाडी खाली गेलेली असते, आपलं शरीर मात्र अजून वरच जायला निघालेलं असतं. रोलर कोस्टर हा क्षण मुद्दाम, मोजूनमापून देतो. अंगावर येणाऱ्या या जोराला ‘जी’ मध्ये मोजतात. खुर्चीत शांत बसलोय तेव्हा 1 जी. 3 जी म्हणजे आपलं वजन तिप्पट झाल्यासारखं. शून्य जी म्हणजे वजनच नाही.

प्रश्न आपल्याइतकाच डब्याचाही असतो. तोही रुळावरून उचलला जाऊ शकतो. लोकलची चाकं रुळावर फक्त टेकलेली असतात, तशीच जुन्या कोस्टरची असायची. जॉन मिलर नावाच्या अभियंत्याने 1919 मध्ये यावर उपाय शोधून पेटंट घेतलं: रुळाच्या खालूनही एक चाक. आता वरचं चाक वजन पेलतं, बाजूचं चाक वळणावर सांभाळतं, आणि खालचं डब्याला रुळाला धरून ठेवतं. दोन बोटांच्या चिमटीत दोरी पकडावी तसं. हे खालचं चाक आलं म्हणूनच 1927 मध्ये सायक्लोनला जवळपास 60 अंशांचा उतार देता आला.

त्याआधी लोक काय सोसायचे ते बॉयटनच्या पार्कातल्या ‘फ्लिप फ्लॅप’ वरून कळतं. 1895 चा हा कोस्टर माणसांना पूर्ण उलटं फिरवायचा, सुमारे साडेसात मीटर व्यासाच्या गोल चक्रातून. पाण्याची बादली जोरात गोल फिरवली तर पाणी सांडत नाही, हा खेळ आपण लहानपणी केलाय. वर उलटं असताना न पडण्यामागे तेच कारण. गोची होती खाली. अगदी गोल चक्र असेल आणि माथा जेमतेम पार होईल इतकाच वेग असेल, तरी चक्राच्या तळाशी 6 जी लागतात. 60 किलोच्या माणसाला आपण 360 किलोचे झाल्यासारखं वाटणार, तेही एका झटक्यात. सगळा भार मानेवर. फ्लिप फ्लॅपचा जोर याच्या दुप्पट होता असं सांगितलं जातं. लोक एकदा बसायचे आणि पुन्हा यायचे नाहीत.

उत्तर मिळायला 80 वर्षं गेली. 1976 मध्ये कॅलिफोर्नियात ‘रेव्होल्यूशन’ कोस्टर सुरू झाला; त्याच्यासाठी जर्मन अभियंता वेर्नर श्टेंगलने पाण्याच्या थेंबाच्या आकाराचं चक्र आखलं. खाली रुंद वळण, वर अरुंद. तळाशी, जिथे वेग जास्त, तिथे वळण सौम्य. माथ्यावर, जिथे वेग कमी, तिथे घट्ट. आज जगात उलटं फिरवणारी जी जी राइड दिसते, तिच्या आकाराकडे नीट बघा. पूर्ण गोल सहसा दिसणार नाही.

दिव्यांचं शहर आणि काचेच्या पेटीतली बाळं

1903 मध्ये लूना पार्क उघडलं तेव्हा त्यावर अडीच लाख विजेचे दिवे होते. बहुतेकांच्या घरी तेव्हा वीज पोचलेली नव्हती. ड्रीमलँडने पुढच्या वर्षी 10 लाख दिव्यांची घोषणा केली. गाडीतून उतरणाऱ्या कामगार कुटुंबाला रात्रीचा तो उजेड कसा वाटला असेल याची कल्पनाच करायची.

पण माझं मन अडकतं ते एका वेगळ्याच दालनात. मार्टिन काउनी नावाचा माणूस तिथे अपुऱ्या दिवसांची बाळं प्रेक्षकांना दाखवायचा. काचेच्या उबदार पेट्यांत तळहाताएवढी मुलं, शेजारी परिचारिका, आणि बाहेर 25 सेंट देऊन आलेली गर्दी. ऐकताना अंगावर काटा येतो. पण त्या काळी बहुतेक रुग्णालयांत अशा पेट्या नव्हत्या. लवकर जन्मलेलं बाळ गेलंच असं धरून चालायचे. काउनी पालकांकडून एक पैसा घेत नसे. तिकिटाच्या पैशातून दूध, परिचारिका, कोळसा. 1903 ते 1943 अशी चाळीस वर्षं हे चाललं आणि त्याने सुमारे साडेसहा हजार मुलं वाचवल्याचं मानलं जातं. डॉक्टरकीची पदवी त्याच्याकडे असल्याचा पुरावा मात्र संशोधकांना सापडलेला नाही. आज आपल्या रुग्णालयांतल्या नवजात कक्षात ती पेटी दिसते, तेव्हा ती एके काळी पाळण्यांशेजारी उभी होती हे मला आठवल्याशिवाय राहत नाही.

मे 1911 मध्ये ड्रीमलँड जळालं. ‘हेल गेट’ नावाच्या राइडची हंगामापूर्वीची दुरुस्ती रात्री चालू होती, दिवे गेले, गरम डांबर सांडलं. लाकूड आणि लगदा यांचं सगळं बांधकाम, सकाळपर्यंत राख. पेट्यांतली बाळं वेळेत बाहेर काढली गेली. पार्क पुन्हा उभं राहिलं नाही. 1907 मध्ये स्टीपलचेसही जळालं होतं, पण टिल्यू वेगळाच माणूस. दुसऱ्या दिवशी त्याने पाटी लावली, जळतं पार्क बघायचे 10 सेंट, आणि मग नवं पार्क बांधून काढलं.

तो जुना काळ खरंच इतका सुंदर होता का?

नाही, आणि हे आडपडदा न ठेवता सांगायला हवं. जानेवारी 1903 मध्ये, लूना पार्क बांधलं जात असतानाच, टॉप्सी नावाच्या हत्तिणीला तिथे विजेचा धक्का देऊन मारण्यात आलं. 1905 मध्ये फिलिपिन्सच्या इगोरोत समाजाची माणसं त्याच पार्कात ‘बघण्याची वस्तू’ म्हणून ठेवली गेली. दिव्यांचं कौतुक करताना हेही त्याच कुंपणाच्या आत घडलं हे विसरून चालणार नाही. पार्क जपायचं म्हणजे तो काळ जपायचा असं मुळीच नाही.

गर्दी वाढली, मग पैसा कुठे गेला?

इथे आपल्या मूळ प्रश्नाला हात घालू. 1920 च्या सुमारास शहराची भुयारी रेल्वे कोनी आयलंडच्या स्टिलवेल अॅव्हेन्यू स्थानकापर्यंत पोचली. भाडं 5 सेंट. नेथन हँडवर्कर या पोलंडहून आलेल्या माणसाने 1916 मध्ये हॉट डॉगचा गाडा लावला होता, तोही 5 सेंटला. तो आधी जिथे नोकरीला होता तिथे त्याचे 10 पडायचे. 1923 मध्ये किनाऱ्यालगत लाकडी फळ्यांचा रुंद पदपथ झाला आणि खासगी कुंपणांआडची वाळू सगळ्यांना मोकळी झाली. रविवारी 10 लाख माणसं येऊ लागली.

जुहू चौपाटीवर रविवारी संध्याकाळी असतं तसं चित्र डोळ्यांसमोर आणा. अख्खं कुटुंब डबा घेऊन येतं, मुलांना एक चक्कर, एक आइसक्रीम, परत घरी. गर्दी अफाट, पण प्रत्येक खिशातून निघतात चिल्लर पैसे. मालकाला तिकीट वाढवता येत नाही, कारण वाढवलं तर हीच माणसं येणार नाहीत. इकडे लाकूड कुजतंय, समुद्राची खारी हवा पोलाद खातेय, विम्याचा आणि दुरुस्तीचा खर्च वाढतोय. आणि शहर वाढतं तशी खालच्या जमिनीची किंमत वाढते. एक दिवस असा येतो की पार्क चालवून वर्षभरात जे मिळतं त्याहून कितीतरी जास्त ते विकून एका सहीत मिळतं.

पुढे मोटारी आल्या, माणसं लांबच्या किनाऱ्यांवर जाऊ लागली. घरात टीव्ही आला. लूना पार्क 1944 मध्ये जळालं आणि त्या जागी इमारती उभ्या राहिल्या. स्टीपलचेस 1964 च्या हंगामानंतर बंद झालं. ते विकत घेतलं बांधकाम व्यावसायिक फ्रेड ट्रम्प यांनी. डोनाल्ड ट्रम्प यांचे वडील. 1966 मध्ये त्यांनी तिथे एक समारंभ ठेवला आणि पाहुण्यांना पार्कच्या काचेच्या भव्य मंडपावर विटा मारायला दिल्या. मंडप पाडला गेला. इमारतींची परवानगी मात्र त्यांना मिळाली नाही, कारण ती जमीन मनोरंजनासाठी राखीव होती.

हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. विकास आराखड्यात एखादा भूखंड मैदानासाठी ‘आरक्षित’ असतो, तसंच हे. पण बघा, आरक्षण असूनही पार्क परत आलं नाही. इमारत बांधता येत नाही, पाळणे लावणं परवडत नाही, म्हणून जमीन वर्षानुवर्षं ओस पडली. आरक्षणाची पाटी लागलेली आणि आत झुडपं माजलेली मैदानं आपण आपल्या शहरात बघतोच.

मग शहराने केलं काय?

दोन वाटा निघाल्या. एक सरकारी. सायक्लोन 1970 च्या आसपास शहराच्या ताब्यात होता आणि शेजारचं मत्स्यालय वाढवण्यासाठी तो पाडायचं चाललं होतं. लोकांनी विरोध केला, 1975 मध्ये तो शेजारच्या अॅस्ट्रोलँड पार्कला चालवायला दिला गेला, आणि 1988 मध्ये त्याला वारसा दर्जा मिळाला. पुढे 2008 मध्ये अॅस्ट्रोलँडही बंद पडलं. त्याची जमीन एका विकासकाने आधीच घेतली होती. तेव्हा 2009 मध्ये शहराने आरक्षण नव्याने आखलं आणि मधली जमीन स्वतः विकत घेतली. ती पार्क चालवणाऱ्या कंपनीला भाड्याने दिली. 2010 मध्ये तिथे नवं लूना पार्क उघडलं. जमिनीचा भाव कितीही चढो, मालक शहर असल्यामुळे दर वर्षी विकायचा मोह समोर येत नाही.

दुसरी वाट एका कुटुंबाची. ‘वंडर व्हील’ हा 46 मीटर उंच पाळणा 1920 पासून फिरतोय. त्याच्या 24 पैकी 8 खोल्या साध्या; उरलेल्या 16 मात्र चाक फिरताना वाकड्या रुळांवरून आत-बाहेर घसरतात. मी घसरणाऱ्या खोलीत बसले होते. वर पोचल्यावर समुद्र दिसतो, सगळं शांत, आणि अचानक अख्खी खोली समुद्राच्या दिशेने सुटते. शेजारच्या आजीबाईंनी माझा हात घट्ट धरला होता. ग्रीसहून आलेला डेनोस वूर्डेरिस तिथे खाण्याचा गाडा चालवायचा. लग्नाआधी त्याने बायकोला वचन दिलं होतं की हा पाळणा तुझ्यासाठी घेईन. 1983 मध्ये त्याने तो खरंच घेतला. आज त्याची नातवंडं तो चालवतात. 1977 मध्ये न्यूयॉर्कची वीज गेली तेव्हा लोक वर अडकले होते. चाक हाताने फिरवून एकेकाला खाली आणलं गेलं.

घरं नकोत का? पाळण्यांसाठी एवढी जमीन?

हा आक्षेप मला खरा वाटतो, विशेषतः मुंबईत बसून लिहिताना. पण 2009 च्या आराखड्यात भोवतालच्या जागेवर हजारो घरांना परवानगी होतीच. राखून ठेवला तो मधला लहानसा गाभा. ज्या घरात मुलांना पाय पसरायला जागा नाही, त्या घरांच्या गर्दीलाच हा किनारा जास्त हवा असतो. भुयारी रेल्वेच्या एका तिकिटात पोचता येतं, ही त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट. शहराबाहेर घाटापलीकडे नेलेलं पार्क कितीही झकपक असलं तरी तिथे जायला गाडी लागते, पूर्ण दिवस लागतो, आणि चौघांच्या कुटुंबाला महिन्याचा हिशेब मांडावा लागतो.

‘जुन्या राइड धोक्याच्या’ हेही लोक म्हणतात. वय मोजायचं ते सुट्या भागांचं. सायक्लोनचं लाकूड वेळोवेळी बदललं जातं. वंडर व्हीलच्या खोल्या दर हिवाळ्यात उतरवून तपासतात, रंगवतात. धोक्याची असते ती राइड, जिच्या मालकाला दुरुस्तीपेक्षा विक्रीत रस आहे.

किनाऱ्यावर ‘पॅराशूट जंप’ हा 76 मीटरचा लाल मनोरा अजून उभा आहे. 1960 च्या दशकापासून कोणी त्यावरून उडी घेतलेली नाही. रात्री त्यावर दिवे लागतात, एवढंच. त्याच्या शेजारून चालत गेलं की वंडर व्हील येतं. ईस्टरच्या आधीच्या रविवारी, हंगाम उघडायच्या दिवशी, तिथे पाद्री येतो आणि पाळण्यांना आशीर्वाद देतो. आपल्याकडे खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांना हार घालतात, हळदकुंकू वाहतात, तसंच. कामगार टोप्या काढून उभे राहतात, मग खटका दाबला जातो आणि हिवाळाभर खाली ठेवलेल्या खोल्या पुन्हा एकेक करून वर चढू लागतात.